दुसरा अर्ज भरणे हा अपशकुन नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा यंदाचा, म्हणजे २०२५ चा, निकाल १४ जून रोजी लागला आणि आता काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्या, तोंडावर आले आहे. या मधल्या काळात इंदूरमधील कितीतरी मराठी घरांत, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत, आता पुढे काय करायचे हा एकच प्रश्न आहे, आणि बहुतेक घरांत त्याला उत्तरही एकच दिले जाते: आधी काउन्सेलिंग होऊ दे, मग बघू. या ‘मग बघू’विषयी मला लिहायचे आहे. गेल्या वर्षी याच दोन शब्दांपायी माझ्या नातीचे एक वर्ष गेले, आणि घरात ते शब्द सर्वांत आधी मी उच्चारले होते.

माझी नात २०२४ साली बारावीबरोबरच नीटला बसली. त्या वर्षी निकाल ४ जूनला लागला, त्यावरून देशभर गदारोळ झाला, वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ विद्यार्थ्यांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा ठेवावी लागली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २६ जुलैला सुधारित निकाल आला आणि अखिल भारतीय कोट्याचे (म्हणजे सर्व राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी खुल्या असलेल्या जागांचे) काउन्सेलिंग सुरू व्हायला ऑगस्टचा मध्य उजाडला. तिचे गुण चांगले होते, पण रँक काठावरची होती. मिळाली तर शेवटच्या फेरीत कुठेतरी जागा मिळेल, नाहीतर नाही, अशी ती स्थिती होती. माझा मुलगा पीथमपूरला कारखान्यात नोकरी करतो. होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी.साठी अर्ज भरून ठेवू, असे त्याने जूनमध्येच सुचवले होते. मी तो भरू दिला नाही. दुसरा अर्ज भरला की पहिल्यातला जीव जातो, पोरीचे मन द्विधा होते, चांगल्या कामाला निघताना अपयशाची तयारी कशाला करायची, असे मी म्हणालो, आणि घरात वडीलधारा असल्यामुळे माझा शब्द चालला.

पुढचे चार महिने आमच्या घरात काय चालले होते ते मी रोज पाहत होतो. सकाळी चहाच्या आधी ती मोबाइलवर संकेतस्थळ उघडून पाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर तिने फेऱ्यांच्या तारखा पेन्सिलीने लिहिल्या होत्या. तारीख पुढे ढकलली गेली की ती जुनी तारीख खोडरबराने पुसून नवी लिही, आणि सप्टेंबरच्या पानावर पुसून पुसून एका चौकोनातला कागद विरला होता. ७ सप्टेंबरला गणपती बसले. दर्शनाला येणारा प्रत्येक जण मोदक हातात घेता घेता ‘काय झालं गं तुझं?’ असे विचारी आणि ती प्रत्येकाला ‘अजून फेऱ्या चालू आहेत’ एवढेच सांगे. शेवटच्या फेरीतही जागा मिळाली नाही. तोवर पदवी महाविद्यालयांचे प्रवेश कधीच बंद झाले होते, आणि नीटची पुन्हा तयारी करणाऱ्यांच्या ज्या बॅचेस भंवरकुव्याच्या क्लासेसमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीस चालू झाल्या होत्या त्यांचा निम्मा अभ्यासक्रम शिकवून झाला होता. दिवाळीनंतर ती त्यांपैकी एका बॅचमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या बुद्धीत किंवा मेहनतीत काही कमी होते म्हणून हे झाले नाही. वाट पाहण्याच्या काळाचे आम्ही मोठ्यांनी काहीच नियोजन केले नाही, म्हणून झाले.

ज्यांच्या घरी आज हीच स्थिती आहे त्यांनी आधी आकड्यांकडे शांतपणे पाहावे. यंदा २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले आणि त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. २०२५ च्या या निकालावेळी देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १८ हजार, आणि त्यांतल्या सरकारी महाविद्यालयांतल्या जागा साधारण निम्म्याच. म्हणजे गुणपत्रिकेवर ‘पात्र’ असा शब्द पाहून पेढे वाटले तरी त्या शब्दाचा अर्थ दहा जणांमागे एक जागा एवढाच आहे. दुसरी गोष्ट अशी की गेल्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांवर जागा मिळाली, ही तुलना यंदा अगदी निरुपयोगी आहे. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते, तर यंदा देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ आहेत. गुण सोडून द्यावेत आणि आपल्या प्रवर्गातली रँक घेऊन मागील दोन वर्षांच्या प्रत्येक फेरीत आपल्या राज्यात शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते पाहावे. ते तक्ते जाहीर झालेले असतात. ते पाहताना इंदूरचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय एवढ्यावरच थांबू नये. रतलाम, खंडवा, विदिशा, शिवपुरी येथे सरकारी महाविद्यालये आहेत, आणि मंदसौर, नीमच व सिवनी येथील महाविद्यालये २०२४ पासून सुरू झाली आहेत. संध्याकाळभर हे तक्ते घेऊन बसले तरी आपली शक्यता दाट आहे, काठावरची आहे की नाहीच, एवढे कळते, आणि पुढचे सर्व नियोजन या एका उत्तरावर अवलंबून असते.

शक्यता काठावरची असेल तर दुसरा प्रवेश आताच घेऊन ठेवावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. होळकर सायन्स कॉलेज १८९१ पासूनचे आहे, त्याने या शहराला पिढ्यान् पिढ्या रसायनशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे अभ्यासक दिले आहेत, आणि तेथे बी.एस्सी.ला जाणे हा कुणाचाही पराभव होऊ शकत नाही. उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशाच्या मुख्य फेऱ्या संपल्या असल्या तरी महाविद्यालय स्तरावरच्या, म्हणजे ज्यांना मुले सीएलसी म्हणतात त्या फेऱ्यांमध्ये बरेचदा जागा असतात, म्हणून आठवड्याभरात चौकशी करावी. बी.फार्म.चाही विचार करावा. पैसे अडकतील ही जी भीती सर्वांना वाटते (मला स्वतःलाही वाटली होती) ती बरीचशी निराधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ या वर्षासाठी असे ठरवून दिले होते की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळावे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची रक्कम परत मिळावी. मूळ प्रमाणपत्रे विद्यार्थ्याकडून काढून घेऊन अडवून ठेवू नयेत, असेही आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत सांगितले आहे. यंदाच्या तारखा पाहून घ्याव्यात, शुल्क भरताना पावती घ्यावी, आणि कोणी मूळ कागद मागितलेच तर पडताळणी करून परत द्या असे अर्जात लिहून द्यावे.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नीटचा एक अर्ज भरला म्हणजे त्यातून सगळ्या वाटा आपोआप उघडतात असे पुष्कळ पालकांना वाटते. एमबीबीएस आणि बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) यांचे काउन्सेलिंग एकत्र होते हे खरे, पण आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे काउन्सेलिंग वेगळे असते, त्याची नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे आणि तारखाही वेगळ्या. आपल्याच शहरात लोकमान्यनगरात सरकारी अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या घरांनाही ही नोंदणी वेगळी करावी लागते हे ठाऊक नसते. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर येथून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील साडेपाच वर्षांच्या पदवीचे प्रवेशही नीटच्या गुणवत्तेवर होतात, पण अर्ज जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाकडे निराळा करावा लागतो. मात्र हे अर्ज भरताना मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: ही जागा मिळाली तर तू तेथे आनंदाने शिकशील का? उत्तर नाही असे असेल तर तो अर्ज भरू नये. ज्या मुलीला गाईगुरांजवळ जायची भीती वाटते तिला केवळ नावामागे डॉक्टर लागावे म्हणून साडेपाच वर्षे महूला पाठवणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि गाईगुरांवरही.

आता पैशाविषयी लिहितो, कारण माझे सारे आयुष्य त्याच कामात गेले. मी ३४ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली आणि त्यांतली शेवटची ११ वर्षे कर्ज विभागात होतो. शैक्षणिक कर्जासाठी येणारे पालक माझ्या अनुभवात जवळजवळ नेहमी एकाच वेळी येत, आणि ती वेळ म्हणजे जागा मिळाल्याचे पत्र हातात पडल्याचा दुसरा दिवस. एका शुक्रवारी दुपारी एक गृहस्थ आले. मुलीला खासगी महाविद्यालयात जागा मिळाली होती आणि शुल्क भरण्याची अंतिम मुदत सोमवार होती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घराचे कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. घर मल्हारगंजातले, चांगले दुमजली, कर्जाला पुरून उरेल एवढ्या किमतीचे होते. पण ते त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते, चार भावांची वाटणी कधी झाली नव्हती आणि त्यांतला एक भाऊ नागपूरला होता. मी त्यांना पाण्याचा पेला दिला आणि सोमवारपर्यंत हे होणार नाही असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा एकेक करून पिशवीत ठेवले. त्यांच्या मुलीची जागा गेली की त्यांनी आणखी कोठून पैसे उभे केले हे मला कधी कळले नाही, पण जूनमध्येच ते एकदा चौकशीला आले असते तर भावांची संमती मिळवायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला असता.

म्हणून ज्यांना खासगी महाविद्यालयाचा विचार करायचा आहे त्यांनी वाट पाहण्याच्या याच आठवड्यांत बँकेत जावे. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा लागतो, आणि साडेसात लाखांच्या वर गेले की मालमत्ता तारण मागितली जाते. खासगी वैद्यकीय शिक्षणाचा साडेचार वर्षांचा खर्च साडेसात लाखांत बसत नाही, हे सांगायची गरज नाही. तारण आले की बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, मूल्यांकन करणारा घर पाहून जातो, आणि सर्व कागद व्यवस्थित असले तरी या कामाला पंधरवडा सहज लागतो, तर जागा मिळाल्यावर हजर होण्यासाठी जेमतेम आठवडा दिलेला असतो. ही दोन वेळापत्रके एकमेकांत बसत नाहीत, आणि कोणा शाखाधिकाऱ्याच्या चांगुलपणाने ती बसवता येत नाहीत. पॅन कार्ड, मागील वर्षांची आयकर विवरणपत्रे, पगाराची पत्रे, घराची रजिस्ट्री आणि मालमत्ताकराच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून शाखेत आधीच दाखवाव्यात, कोणता कागद कमी आहे ते लेखी विचारून घ्यावे, आणि आपली परतफेडीची ताकद किती ते नीट समजून घ्यावे. परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते आणि पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. एवढ्या मुदतीचे ओझे मुलीच्या खांद्यावर ठेवायचे की नाही, हा निर्णय जागा मिळाल्याच्या आनंदात घेऊ नये.

दुसरे कागद म्हणजे प्रमाणपत्रे. येथे आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे. आपण नाव लिहिताना मधे वडिलांचे नाव लिहितो, आणि या प्रांतात बहुतेक लोक केवळ नाव व आडनाव लिहितात. त्यामुळे एकाच मुलीचे दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे आणि मूलनिवासी प्रमाणपत्रावर तिसरे असे होऊन बसते. माझ्या नातीचे आधार दुरुस्त करून घेण्यासाठी मी तीन खेपा घातल्या. नशिबाने मे महिना होता आणि घाई नव्हती. मूलनिवासी प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला ही कामे लोकसेवा केंद्रात आताच उरकावीत, आणि आर्थिक दुर्बल घटकाचा व इतर मागासवर्गाचा दाखला चालू वर्षाचा व अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यात आहे ना, ते तपासावे. आणखी एक सल्ला अनेक नातेवाईक प्रेमाने देतात: पुण्याला किंवा नागपूरला काका आहेत ना, मग तेथला पत्ता दाखवून महाराष्ट्रातूनही अर्ज भरा. कृपा करून असे करू नये. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवास प्रमाणपत्रही लागते. आपण घरात मराठी बोलतो म्हणून आपल्या मुलांना तो कोटा लागू होत नाही. खोटा पत्ता उघडकीस आला तर मिळालेली जागाही जाते. अखिल भारतीय कोट्यातून मात्र महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांच्या १५ टक्के जागांसाठी आपल्या मुलांना सरळ मार्गाने अर्ज करता येतो, आणि ही सोय १९८६ पासून आहे.

फेऱ्यांचे नियम मी येथे पूर्ण लिहीत नाही, ते दरवर्षी माहितीपत्रकात छापलेले असतात. परंतु ते पत्रक घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, कारण प्रत्येक फेरीत माघार घेण्याचे परिणाम वेगळे असतात. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीची जागा न घेतल्यास काही गमवावे लागत नाही, दुसऱ्या फेरीची सोडल्यास अनामत जप्त होते, तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही, आणि शेवटच्या स्ट्रे राउंडमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या नीटला बसण्यावरच बंदी येऊ शकते. पुन्हा तयारी करण्याचा विचार असलेल्यांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. अनामत सरकारी जागांसाठी खुल्या प्रवर्गाला १०,००० रुपये आहे, पण अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये आहे, आणि ‘भरून तर ठेवू’ म्हणत ती भरणाऱ्यांचे पुढे हाल होतात. राज्याच्या फेऱ्यांचे नियम पुन्हा निराळे असतात. पसंतीक्रम भरताना खरोखर जी जागा सर्वांत हवी तीच पहिली लिहावी. वरची जागा मागितल्यामुळे खालची हातची जात नाही.

परदेशी जाण्याविषयी फारसे लिहीत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी एवढे पाहावे की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे ना, इंग्रजी माध्यमाचा आहे ना, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे ना. २०२१ च्या नियमांनुसार यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर परत आल्यावर येथे नोंदणी मिळत नाही. एजंट काय सांगतो त्यावर जाऊ नये.

आता राहिला पुन्हा परीक्षा देण्याचा प्रश्न. नीटला कमाल वयाची अट राहिलेली नाही आणि किती वेळा बसायचे यालाही मर्यादा नाही. त्यामुळे थांबायचे केव्हा हे नियम सांगत नाहीत, ते घरालाच ठरवावे लागते, आणि ते निकालाच्या दिवशी ठरवू नये. यंदा आमच्या घरात हे निराळ्या रीतीने झाले. ४ मे रोजी परीक्षा चालू असतानाच इंदूरवर वादळ आले आणि बऱ्याच केंद्रांतली वीज गेली. तिच्या केंद्रावरही काही वेळ मेणबत्तीच्या उजेडात मुलांनी उत्तरे लिहिली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले, एकल न्यायमूर्तींनी याचिकाकर्त्या विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला आणि दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. परीक्षेवरून परतल्यावर तीन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आबा, या वेळी अर्ज मी आधी भरते आणि तुम्हाला नंतर सांगते.” जूनमध्ये तिने होळकरमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सध्या ती सकाळी तेथे तास करते आणि संध्याकाळी तीन तास नीटचा अभ्यास करते, कारण काउन्सेलिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबले आणि जागा मिळाली नाही तर मे महिन्यापर्यंत सहाच महिने उरतात, हे तिला गेल्या वर्षीच कळले आहे.

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघे एकत्र बसलो आणि वहीच्या एका पानावर काही गोष्टी लिहून काढल्या: कोणत्या महाविद्यालयापर्यंत आणि किती शुल्कापर्यंत जायचे, तिसऱ्या फेरीनंतर काय करायचे, आणि पुन्हा एकदा बसायचे असेल तर ते शेवटचे असेल. शेवटचे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिले. तिची आई रडली, पण तिने ते खोडू दिले नाही. तो कागद देवघराच्या शेजारच्या कप्प्यात ठेवला आहे. जागा मिळेल की नाही ते आजही आम्हाला माहीत नाही, पण ती आता सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडत नाही. ज्या मुलांना हा काळ फार जड जात असेल, झोप लागत नसेल किंवा घरी मनातले बोलता येत नसेल, त्यांच्यासाठी टेलि-मानस ही शासनाची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. पालकांनी तो क्रमांक घरात दिसेल असा लिहून ठेवावा.

या संदर्भात माझ्या तीन विनंत्या आहेत. आपल्या वृत्तपत्रात अखिल भारतीय आणि राज्य काउन्सेलिंगच्या तारखा व माघारीचे नियम प्रत्येक फेरीच्या आधी मराठीत एका चौकटीत छापले जावेत. अनेक घरांत मुले इंग्रजी पत्रक वाचतात, पण ज्यांना पैसे भरायचे आहेत ते आजोबा-आजी आणि आई-वडील वाचत नाहीत, आणि निर्णय तर त्यांनाच घ्यावा लागतो. दुसरी विनंती विद्यापीठाला आणि उच्च शिक्षण विभागाला आहे. वैद्यकीय फेऱ्या संपेपर्यंत विज्ञान शाखेतल्या काही जागा सीएलसीद्वारे खुल्या ठेवाव्यात, किंवा निदान शेवटच्या वैद्यकीय फेरीनंतर एक फेरी घ्यावी, म्हणजे आमच्यासारख्या चुका करणाऱ्या घरांतल्या मुलांचे वर्ष वाया जाणार नाही. तिसरी विनंती शहरातल्या मराठी संस्थांना आहे. आपल्याकडे सभागृहे आहेत, निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर आणि बँकेतली माणसे आहेत. काउन्सेलिंग चालू असेपर्यंत आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे एक टेबल मांडावे, जेथे पालक आपल्या कागदांची फाइल घेऊन येतील आणि कोणीतरी जाणते माणूस ती तपासून देईल. कर्जाचे आणि घराचे कागद तपासण्यासाठी मी दर शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ बसेन. कोणत्या संस्थेत बसायचे एवढेच कळवावे.

आपला विश्वासू वाचक,
एक सेवानिवृत्त बँक अधिकारी,
लोकमान्यनगर, इंदूर